डावखुरा मावळा

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात उजव्या हाताच्या भिंतीवर एक रात्र आहे. पंधराशे वर्षं झाली, ती उजाडलेली नाही. राजवाड्यात राक्षसिणी शिरल्या आहेत, त्यांचे केस सुटलेत, हातांत सुरे आहेत, कुणी रक्तानं भरलेलं भांडं तोंडाला लावलंय. वरच्या अंगाला शिडी लावून सिंहल चढतो आहे, आणि भिंतीवरून नजर जरा पुढे सरकवली की हत्ती येतात, घोडे येतात, भाले, बाण, ढाली, अशी दाटी होते की चित्रातून धूळ उडेल असं वाटतं. हा सिंहल व्यापारी. त्याचं जहाज फुटतं, लाटा त्याला आणि त्याच्या सोबत्यांना एका बेटावर आणून टाकतात, तिथल्या देखण्या बायका त्यांना घरी नेतात, जेवूखाऊ घालतात, संसार मांडतात, आणि मग एका रात्री कळतं की या बायका नव्हेत. पांढरा शुभ्र घोडा त्याला पाठीवर घेऊन समुद्रावरून उडतो. पण एक राक्षसीण मागोमाग येते, राजाला भुलवते, राजवाडा फस्त होतो, आणि शेवटी सिंहल फौज घेऊन त्याच बेटावर चालून जातो.

लोक पहिल्या लेण्यात पद्मपाणीपाशी थांबतात. थांबावंच तिथं, त्या झुकलेल्या पापण्यांखाली उभं राहिलं की आपलाही आवाज आपोआप खाली येतो. पण माझे पाय मात्र लहानपणापासून सतराव्याकडे ओढ घेतात. करुणा रंगवणाऱ्या त्या काळाला राक्षसिणीही रंगवाव्याशा वाटल्या. लढाईही रंगवावीशी वाटली. छतांवर ढेरपोटे, आखूड हातापायांचे गण नाचवावेसे वाटले, ज्यांच्याकडे पाहून हसू आलं नाही असा माणूस मी अजून पाहिला नाही. सव्विसाव्या लेण्यात तर दगडातच सगळं मांडलंय: मधोमध बुद्ध, निश्चल, आणि भोवती माराची पलटण, त्याला ढळवायला हत्तीवर बसून आलेला मार, नाना तोंडांचे विद्रूप सैनिक, खाली त्याच्या नाचणाऱ्या मुली. त्या सैनिकांचे चेहरे नीट बघा. भय दाखवायला घडवलेल्या त्या तोंडांवर घडवणाऱ्याची मजा अजून ओली आहे. एवढे वाकडे दात कुणी नुसतं कर्तव्य म्हणून कोरत नाही.

भीती, मारामारी आणि गंमत. तिन्ही एका भिंतीवर.

म्हणूनच असेल, पण या लेण्यांमधून बाहेर वाघूर नदीकाठच्या उन्हात आलो की मला १९८२ सालचा 'एक डाव भुताचा' आठवतो. रवी नमाडे यांनी दिग्दर्शित केलेला, अशोक सराफ, दिलीप प्रभावळकर आणि रंजना यांचा. शिवकाळातला एक मावळा, खंडोजी फर्जंद, मरूनही सुटलेला नाही; आणि आजच्या काळातला एक शाळामास्तर, स्वतःच्या सावलीला दचकणारा, त्याची आणि या भुताची गाठ पडते. गोष्ट इतकीच. सांगताना चार वाक्यांत संपते, आणि बघताना अंगणभर पसरते.

१९८२ हे मराठी सिनेमाच्या इतिहासात 'उंबरठा'चं वर्ष म्हणून लिहिलं जातं, आणि ते बरोबरच आहे. घराचा उंबरठा ओलांडून जाणाऱ्या स्मिता पाटीलचे डोळे ज्यानं पाहिले त्याला ते विसरता येत नाहीत. पण त्याच वर्षानं हाही सिनेमा दिला, हे सांगताना मराठी माणूस उगाच संकोचतो. थोर सिनेमांच्या याद्या निघतात, त्यांत 'सामना' असतो, 'सिंहासन' असतो, विनोदाची पाळी आली की १९८८चा 'अशी ही बनवाबनवी' असतो. खंडोजीचं नाव तिथवर पोचत नाही. मला याचं वाईट वाटतं. मनापासून वाईट वाटतं. कारण ज्या सिनेमानं एका पिढीच्या पोरांना अंधारातून घरी चालत जायला शिकवलं, त्याला नुसता बालिश म्हणून बाजूला सारणं म्हणजे त्या अंधाराची आपल्याला आठवणच उरली नाही असं म्हणणं आहे.

आमच्या अजिंठा गावाचा अंधार. लेण्यांचा नव्हे, गावाचा. लेणी खाली घाट उतरून, फर्दापूरच्या अंगाला; गाव वर पठारावर, जुन्या तटाच्या आणि वेशीच्या दरवाजांच्या आत. निजामाच्या काळातली सराई, तिच्या ओळीनं कमानी, दिवसा त्यांत शेळ्या बसत आणि रात्री नुसता काळोख बसे. गावातच ती बारादरी, जिथं इंग्रज चित्रकार रॉबर्ट गिल राहिला. १८४४ साली तो लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला, वर्षानुवर्षं त्या अंधारात बसून रंगवत राहिला, आणि त्यातल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेल्या. तो स्वतः भुसावळला मातीआड झाला. त्याची सहचरी पारो मात्र इथंच आहे, आमच्या गावात, तिच्या कबरीवर १८५६ साल कोरलेलं. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, पारोचं भूत कुणाला दिसतं का गं? आजी सुपातली मिरची निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "लेकरा, भूत बी पयले मानूसच व्हतं. त्याला काय भ्यायचं?"

तिच्याजवळ भुतांची सगळी भाऊबंदकी होती. पिंपळावरचा मुंजा, सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा, म्हणून अजून खेळकर. वेताळ, जो रात्री पालखी मिरवतो आणि ज्याच्या वाटेत आडवं जायचं नसतं. हडळ, खवीस, आणि ओळखीच्या बांधावरून माणसाला रात्रभर गोल गोल फिरवणारा चकवा. प्रत्येकाची राहायची जागा ठरलेली, खाणं ठरलेलं, राग कशानं येतो तेही ठरलेलं. तिच्या गोष्टींत भुतं गावाबाहेरची नव्हती. गावाच्या कडेला राहणारी, जरा दुर्दैवी, जरा हट्टी अशी शेजारचीच माणसं होती ती.

आणि मग गणपतीत चौकात पडदा लागला.

पडदा म्हणजे दोन बांबूंना ताणून बांधलेलं पांढरं कापड, मधोमध शिवण असलेलं, वारा आला की पोट फुगवणारं. यंत्र घेऊन आलेला माणूस रीळ चढवताना पोरांना हातानं मागे सारत होता. दिव्याच्या झोतात पावसाळी किडे घिरट्या घालत होते आणि त्यांच्या सावल्या कापडावर घारीएवढ्या होऊन फिरत होत्या. पुढची सगळी जागा आधीच गोणपाटं टाकून धरलेली. आम्ही उशिरा पोचलो, म्हणून पडद्याच्या मागं बसलो. मागूनही दिसतं. सगळं दिसतं, फक्त उलटं. अक्षरं उलटी, घराचं दार डावीकडचं उजवीकडे, आणि खंडोजी फर्जंद डावखुरा. मी त्या रात्री डावखुरा मावळा पाहिला. पुढं कित्येक वर्षांनी टीव्हीवर तोच सिनेमा लागला, तेव्हा तो उजव्या हातानं वावरताना दिसला आणि मला कुणी तोतया पाठवल्यासारखं वाटलं. अजूनही डोळे मिटले की माझा खंडोजी डावाच हात पुढे करतो. भूत तर भूत, मी त्याला पलीकडच्या बाजूनं पाहिलं होतं, तो जिथून आला होता त्या बाजूनं, आणि पुढं बसलेल्या अख्ख्या गावाचे चेहरे मला त्या कापडातून, त्याच्या आरपार, उजेडात न्हालेले दिसत होते: तोंडावर पदर धरून हसणाऱ्या बाया, मांडीवरचं पोर झोपलं तरी हलायला तयार नसलेले बाप, आणि माझी आजी, जी हसत नव्हती. ती मान हलवत होती. बरोबर आहे, असंच असतं, अशी.

लेण्यांतले गाईड सांगतात की तेव्हा चित्रकार दाराशी पांढरं कापड किंवा चकाकतं पात्र धरून उन्हाचा कवडसा आत घेत, आणि त्या उसन्या उजेडात रंगवत. मी ते करून दाखवताना पाहिलंय: बाहेर एक माणूस कापड धरून उभा, आणि आत, खोल, भिंतीवरचा एक चेहरा हळूच जागा होतो. कापड हललं की चेहराही हलतो. ओठांशी हसू आल्यासारखं होतं, पुन्हा विझतं. त्या क्षणी मला आमचा चौकातला पडदा आठवल्याशिवाय राहत नाही. अंधाराला एक पांढरं कापड दाखवायचं, बस्स; आत कोण कोण ताटकळलेलं असतं ते बाहेर येतं.

या सिनेमाचं लेखन द. मा. मिरासदारांचं, आणि त्यात हेडमास्तर म्हणून ते स्वतःही दिसतात. ज्यांनी 'भुताचा जन्म'सारखी कथा लिहिली, गावोगावच्या मंडपांत ती आपल्या तोंडानं सांगून माणसं हसवली, त्यांना भूत कशापासून बनतं ते पुरतं ठाऊक होतं. ते बनतं बोलण्यापासून. पारावरच्या बोलण्यात एकानं सोडलेला धागा दुसरा उचलतो, तिसरा त्याला पीळ देतो, आणि रात्र होईतो तो झाडावर जाऊन बसलेला असतो. मिरासदारांचा विनोद कधी माणसाला खाली पाडून त्याच्यावर हसत नाही. तो पडलेल्याच्या शेजारी जाऊन बसतो. म्हणून मास्तरची भीती या सिनेमात चेष्टेचा विषय वाटत नाही. ती आपलीच भीती वाटते, थोडी मोठी करून दाखवलेली.

आणि दिलीप प्रभावळकर ती भीती किती प्रकारांनी दाखवतात! चिमणराव म्हणून घराघरांत पोचलेला हा नट इथं खांदे आत ओढून घेतो, मान अंगात शिरवतो, बोलता बोलता आवंढा गिळतो, आणि शब्दाचं शेवटचं अक्षर तोंडातच ठेवतो. घाबरलेला माणूस सगळेच करून दाखवतात. घाबरून संकोचलेला माणूस फार थोड्यांना जमतो. त्यांच्यासमोर अशोक सराफ: छाती पुढं, पाय रोवलेले, आवाजात शिवकाळ, आणि डोळ्यांत मात्र एक पोरकेपण जे विनोदाच्या धबडग्यात एखाद्या क्षणापुरतं चमकून जातं. तीनशे वर्षं या माणसाशी कुणी बोललेलं नाही. त्याचं राज्य गेलं, त्याचे सवंगडी गेले, ज्यांच्यासाठी तलवार धरली ते सगळे गेले, आणि तो तसाच राहिला, नेमून दिलेल्या जागेवर, पहारा संपल्याचं सांगायला कुणी आलंच नाही म्हणून. अशा माणसाला बोलायला मिळतो तो कोण? एक भित्रा मास्तर.

मला या सिनेमात दिसतं ते हे. बहुतेक भुतांच्या गोष्टींत शेवटी भूत घालवायचं असतं. मंत्र, त्रिशूळ, पेटती मशाल, आणि मग सकाळ. १९८४चा रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' घ्या. मलाही तो आवडतो, त्यातला सामरी, धडापासून तोडलेलं आणि पेटीत बंद केलेलं त्याचं मुंडकं, त्यातली ललिता पवार आणि सदाशिव अमरापूरकर ही आपली माणसं, जगदीपचा 'शोले'वरून बेतलेला धुडगूस, सगळं. पण तिथं भूत म्हणजे संकट. इथं भूत म्हणजे सोबत. भित्र्याला धीटाची सोबत मिळते, आणि मेलेल्याला जिवंताची, आणि यातलं कोण कुणावर उपकार करतंय ते सांगता येत नाही. मारामारी आहे, धावपळ आहे, घाबरवणं आहे, खोड्या आहेत, पण त्या सगळ्याच्या तळाशी दोन एकट्या जिवांचं हे सख्य संथ वाहत असतं. वर कितीही खळखळ असू दे.

भुताचे त्या काळचे सिनेमे कसे करत, हे कळायला लागल्यावर माझं त्यांच्यावरचं प्रेम वाढलंच. कॅमेरा थांबवायचा, नट बाजूला व्हायचा, बाकीच्यांनी श्वास रोखून जसंच्या तसं उभं राहायचं, पुन्हा कॅमेरा सुरू: भूत गायब. काळ्या दोऱ्यानं तांब्या उचलायचा. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून माणसाच्या आरपार भिंत दाखवायची. संगणक नव्हता, होते ते लोकांचे थरथरते हात आणि विलक्षण संयम. जरा नीट पाहिलं तर नट गायब होतो तेव्हा मागच्या झाडाची फांदी किंचित उडी मारते, कारण दोन चित्रणांच्या मध्ये वारा थांबलेला नसतो. ती उडी मला फार प्रिय आहे. तिथं कुणीतरी खरंच उभं होतं, ऊन खात, ओरडून सांगत होतं, कुणी हलू नका रे.

आणि मार खाणारे! भुताच्या सिनेमांतली मारामारी म्हणजे समोर कुणी नसताना मार खाण्याची विद्या. हवेतून आलेल्या चपराकेनं गाल फिरवायचा, न दिसणाऱ्या लाथेनं कडब्याच्या गंजीत जाऊन पडायचं, आणि ठोसा ज्या क्षणी बसायचा त्याच क्षणी डोळे पांढरे करायचे. या माणसांची नावं पाटीवर येतात न येतात. पण समोरच्या रिकाम्या जागेत बलदंड माणूस उभा आहे, हा विश्वास आपल्याला कोण देतं? ते. एखाद्याच्या असण्याची ग्वाही आपल्या अंगावर घेऊन उताणं पडणारे ते लोक. सव्विसाव्या लेण्यातल्या माराच्या पलटणीतला प्रत्येक सैनिक वेगळ्या तोंडाचा आहे, एकाचंही नाव आपल्यापाशी नाही, आणि त्यांच्याशिवाय बुद्धाचं निश्चल बसणंही इतकं भरून दिसलं नसतं.

पुढं काळ वेगानं गेला. ज्या प्रभावळकरांना आम्ही भुतासमोर थरथरताना पाहिलं, तेच १९९३ साली 'झपाटलेला'मध्ये तात्या विंचू झाले, आणि मग पोरं त्यांना घाबरू लागली. १९९०च्या 'धडाकेबाज'नं कवट्या महाकाळ आणला, रुंद सिनेमास्कोप पडदा आणला, आमच्या भीतीला रंग आणि पोशाख मिळाले. अशोक सराफांना महाराष्ट्रभूषण मिळाला, २०२५ साली पद्मश्री मिळाली, आणि ती बातमी आली त्या दिवशी मला त्यांच्या इतक्या भूमिकांमधून पहिल्यांदा आठवला तो कापडाच्या पलीकडून पाहिलेला डावखुरा.

रंजनाबद्दल लिहिताना हात जरा अडखळतो. 'गोंधळात गोंधळ'मधली, इथली, ती केवढी मोकळी हसायची! तिच्या हसण्यात सूर लावून घेण्याची तयारी नव्हती, ते थेट वरच्या पट्टीतच सुरू व्हायचं. १९८७ साली चित्रीकरणाला जाताना तिच्या गाडीला अपघात झाला आणि ती चाकाच्या खुर्चीला खिळली. २००० साली ती गेली. आता हा सिनेमा लावला की ती अंगणातून चालत येते, पदर खोचते, वळते, भराभरा पायऱ्या चढते. पायऱ्या चढते. कथेत भूत दुसराच कुणी आहे, पण मी तिच्या पावलांकडे बघत बसतो, आणि आजीचं वाक्य मनात आपल्या जागी जाऊन बसतं. काय भ्यायचं त्यांना? उलट ती येतात तेवढं बरं. येत राहावीत.

मागल्या उन्हाळ्यात भाचरं आली होती. बाहेर मक्याच्या रिकाम्या रानातून झळा येत होत्या, दिवसभर घाट बघून, लेणी चढून-उतरून दोघं दमली होती, तरी झोपेनात. गच्चीवर गोधड्या टाकल्या आणि मोबाईल पाण्याच्या कळशीला टेकवून त्यांना 'एक डाव भुताचा' लावून दिला. पडदा तळहाताएवढा. मला वाटलं, यांनी कसली कसली भुतं पाहिली असतील, संगणकानं रंगवलेली, कातडी सोलून दाखवणारी. यांना या साध्या मावळ्याचं काय. पण धाकटी हळूहळू सरकत माझ्या कुशीत आली आणि थोरला उठून बसला. मध्ये एकदा तिनं विचारलं, "मामा, मास्तर आता त्याला घाबरत का नाही?" मी काही बोलायच्या आत भाऊच म्हणाला, "ओळख झाली ना गं त्यांची!"

सिनेमा संपला तसा त्यांनी स्वतःचा खेळ काढला. एकानं भूत व्हायचं, ते दुसऱ्यालाच दिसणार, बाकी जगाला नाही. थोरल्यानं लांबूनच हात फिरवला आणि धाकटी गोल गिरकी घेऊन, गाल धरून, डोळे पांढरे करून गोधडीवर आडवी झाली. इतकी सुरेख पडली ती, की खालून तिची आई ओरडली, कोण पडलं रे? दोघं तोंड दाबून हसायला लागली. मग त्यांना कळलं की दोघांच्या खेळात एक जण कमी पडतो: एक भूत हवं, एक मास्तर हवा, आणि भूत न दिसणारा एक गुंड हवा. धाकटीनं माझा हात धरून ओढलं. "मामा, तू भूत हो."

मी उठलो, पाय रोवले, छाती पुढं काढली आणि डावा हात उगारला.